लष्करी ड्रोनच्या कंपनीत जाऊ की नको? सेलूच्या विद्यार्थिनीला उत्तर

तुझं पत्र मिळालं. नांदेडला इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला आहेस, कपाशीतलं तण ओळखणाऱ्या ड्रोनचा प्रोजेक्ट केलास आणि त्या जोरावर पुण्याच्या एका कंपनीने इंटर्नशिप देऊ केली आहे. काम लष्करी ड्रोनचं: थर्मल, म्हणजे उष्णतेवरून चित्र दाखवणाऱ्या कॅमेऱ्यातून माणसं आणि वाहनं ओळखणारं सॉफ्टवेअर. वडील म्हणतात, चालून आलेली संधी सोडू नको. रूममेट म्हणते, मशीन आपल्या मनाने माणूस मारणार आणि त्याला डोळे तू देणार.

माझं मत विचारशील तर जा. पण डोळे झाकून सही करू नकोस.

रूममेटची भीती उगाच नाही. युक्रेनच्या युद्धात पायलट आणि ड्रोनमधली रेडिओ लिंक शत्रूकडून जॅम होऊ लागली, तसे शेवटच्या टप्प्यात लक्ष्य स्वतःच धरून ठेवणारे ड्रोन आले. लिंक तुटली की पायलटच्या हातात काही राहत नाही. उरतं ते कुणीतरी शिकवलेलं मॉडेल, म्हणजे लक्ष्य ओळखणारं सॉफ्टवेअर. आपल्या नागपूरला बनणाऱ्या नागास्त्र-१ या लक्ष्यावर आदळून फुटणाऱ्या ड्रोनचा हल्ला ऐनवेळी रद्द करता येतो आणि ते पॅराशूटने परत उतरवता येतं. ही सोय कुणीतरी डिझाइन करतानाच मागितलेली असते.

कंपनीवाले सांगतील, 'बटण माणसाच्याच हातात आहे.' एवढ्यावर समाधान मानू नकोस. २००३ मध्ये इराक युद्धात अमेरिकेच्या पॅट्रियट या हवाई संरक्षण यंत्रणेने ब्रिटनचं टॉर्नेडो विमान क्षेपणास्त्र समजून पाडलं. आतले दोघंही गेले. यंत्रणेपाशी माणसं बसलेलीच होती. विचार करायला वेळ मात्र फार थोडा होता.

आता तुझा प्रोजेक्ट घे. ऊन कलल्यावर मॉडेल कपाशीच्या रोपालाच तण म्हणायला लागलं, असं तू लिहिलं आहेस. तिथे फार तर चार रोपं गेली असती. पण रात्रीची लाइट आली म्हणून दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला निघालेला, खांद्यावर फावडं टाकलेला माणूस थर्मल कॅमेऱ्यात वरून कसा दिसेल? अंग पांढरं, खांद्यावर एक गार, काळी रेघ. ती रेघ फावड्याची की रायफलची, हे मॉडेल छातीठोक सांगत नाही. ते टक्के सांगतं. ७० टक्के खात्रीला स्क्रीनवर त्या माणसाभोवतीची चौकट लाल करायची, म्हणजे त्याला लक्ष्य म्हणायचं, की ९५ ला, हे ऑफिसात बसून कुणीतरी ठरवतं. मानवी नियंत्रणाचा निम्मा प्रश्न तिथेच सुटतो किंवा बिघडतो. दारं धरणारी माणसं जिने पाहिली आहेत, अशी मुलगी त्या टेबलाशी असावी असं मला मनापासून वाटतं.

कायद्याची वाट बघत बसू नकोस. माणसाविना लक्ष्य निवडून मारा करणाऱ्या शस्त्रांवर जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली २०१४ पासून चर्चा चालू आहे. डिसेंबर २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत या शस्त्रांवरच्या ठरावाला १५२ देशांनी पाठिंबा दिला. भारताने विरोधात मत दिलं, कारण हा विषय जिनिव्हातच चालावा ही आपली भूमिका. बंधनकारक करार काही झालेला नाही.

म्हणून कंपनीला तूच विचार. सॉफ्टवेअर टेहळणीसाठी आहे की माऱ्यासाठी? लिंक तुटली तर ड्रोन परततो, घिरट्या घालतो की पुढेच जातो? चुकीच्या ओळखींची नोंद कोण ठेवतं? पहिल्या दोन प्रश्नांना 'गोपनीय' हे उत्तर मिळालं तर समजून घे. तिसऱ्यालाही तेच आलं, तर दुसरी जागा शोध.

मन घेतच नसेल तर नाही म्हण, वडिलांना मी समजावेन. शेतीच्या ड्रोनमध्येही काम आहे. परभणीचं कृषी विद्यापीठ तुला घरापासून लांब नाही आणि शेतीसाठी ड्रोन देणाऱ्या सरकारी 'नमो ड्रोन दीदी' योजनेचं लक्ष्य १५,००० महिला बचत गटांचं आहे. फक्त 'ड्रोन पायलट बना' या जाहिरातींना भुलून फी भरू नकोस. ते प्रमाणपत्र दहावी पास, अठरा पूर्ण झालेल्या कुणालाही मिळवता येतं. तुझ्या कामाला ते लागत नाही. गणितातली तुझी संभाव्यता (प्रॉबॅबिलिटी) कच्ची आहे असं तूच लिहिलंस, ती सुट्टीत पक्की कर. टक्क्यांचा सगळा खेळ तिच्यावरच आहे.

आणि ऑफर लेटरमध्ये बाँड आहे का, मधेच सोडलं तर किती पैसे भरावे लागतात, ते कलम सहीआधी मला पाठव.