नेमप्लेटवर १४४० का लिहिलंय?

सेमिस्टर संपलं की या सदरात सुट्टीतल्या वाचनाबद्दल पत्रं येतात, यंदा जरा जास्तच आली. त्यातली तीन घेतेय. नावं छापत नाहीये, पत्रंही थोडी छोटी केलीत.

प्रश्न : नमस्कार मॅडम. मी एसवाय बीएस्सी फिजिक्सची परीक्षा दिलीये, टीवाय सुरू व्हायला साधारण सहा आठवडे आहेत. मला या सुट्टीत स्वतःहून काहीतरी भारी वाचायचंय, क्वांटम मेकॅनिक्स, जनरल रिलेटिव्हिटी, लिनियर अल्जेब्रा, जमलं तर टोपोलॉजी. मोबाईलमध्ये चाळीसेक पीडीएफ आहेत. पण दरवेळी काय होतं, जोरात सुरू करतो, दोन चॅप्टर होतात, मग एक इक्वेशन येतं जे कळत नाही, मग दुसरं पुस्तक उघडतो, आणि सुट्टी संपते. त्यात वडिलांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, सकाळी नऊ ते एक तिथे बसावं लागतं, तो वेळ वायाच जातो. रोज किती पानं वाचली पाहिजेत? गणितं सोडवली नाहीत तर चालेल का? (बार्शी)

उत्तर : अरे, आधी हिशोब करू. सहा आठवडे, आठवड्याचे पाच दिवस, दिवसाला दोन तास डोकं ताजं असताना, म्हणजे ६० तास. आणि फिजिक्स किंवा मॅथ्सचं एक पान खरंच वाचायचं, म्हणजे 'इट इज इझी टू शो' असं जिथे लिहिलेलं असतं तिथे थांबून ते स्वतः वहीत करून बघायचं, तर एका पानाला तास आरामात जातो. तुझ्या हातात फार तर साठ पानं आहेत. चाळीस पीडीएफ नाहीत. हे वाचून नाराज होऊ नकोस, साठ पानं नीट झाली तर ती खूप आहेत, मी एवढ्या वर्षांत टीवायला आलेली कितीतरी मुलं पाहिलीत ज्यांची दहा पानंही अशी झालेली नसतात.

जनरल रिलेटिव्हिटी आत्ता बाजूला ठेव. आइनस्टाइनला तिची पहिली कल्पना १९०७ मध्ये सुचली, समीकरणं हातात यायला १९१५ उजाडलं, आणि मधे १९१२ ला गणितासाठी त्याला ग्रॉसमन या मित्राची मदत घ्यावी लागली. ते तुझ्या सहा आठवड्यांत बसत नाहीये यात तुझी काही कमी नाही.

आता माझं खरं म्हणणं. तू लिहिलंयस की दुकानातला वेळ वाया जातो. मला तुझं पत्र वाचून सगळ्यात जास्त हेवा त्या दुकानाचाच वाटला. उद्या सकाळी गेलास की रिवाइंडिंगला आलेल्या थ्री फेज मोटारींच्या नेमप्लेट बघ. एखादीवर तरी १४४० आरपीएम लिहिलेलं सापडेलच. १४४० च का? आपल्याकडे सप्लाय ५० हर्ट्झ, मोटार चार पोलची (चार चुंबकी ध्रुवांची) असेल तर आतलं मॅग्नेटिक फील्ड मिनिटाला १५०० वेळा फिरतं. मग रोटर, म्हणजे आतला फिरणारा भाग, १५०० ने का फिरत नाही? हा प्रश्न घे आणि या सुट्टीत फक्त हाच सोडव. तो कुठे कुठे नेतो बघ.

पहिली गोष्ट, फील्ड फिरतं म्हणजे काय? ते तयार करणारं तर काहीच फिरत नाहीये, तू स्वतः त्या स्लॉटमध्ये तांब्याची तार भरतोस, कॉइल जागच्या जागी असतात. सोपं पडावं म्हणून आधी दोन पोलची मोटार घे, तीन कॉइल एकमेकींपासून १२० अंशांवर, तिन्हींतले करंट पण एकमेकांच्या १२० अंश मागे. प्रत्येक कॉइलचं फील्ड आपापल्या दिशेत नुसतं कमी-जास्त होतं, उलटं-सुलटं होतं. आता तिन्हींची वेक्टर बेरीज कर, एक्स आणि वाय कंपोनंट वेगळे काढून, बारावीची त्रिकोणमिती पुरते. उत्तर येतं एकच वेक्टर, लांबी कायम एका कॉइलच्या कमाल फील्डच्या दीडपट, आणि तो सारख्या वेगाने गोल फिरतोय. हे मी इथे करून दाखवत नाही, तू कर, अर्धं पान लागेल. आणि मग कुठल्याही दोन फेजांची अदलाबदल करून तीच बेरीज परत कर. वेक्टर उलटा फिरायला लागेल. दोन वायरी बदलल्या की मोटार उलटी फिरते हे तुझ्या वडिलांना कधीपासून माहितीये, ते का होतं हे तू त्या दिवशी संध्याकाळी त्यांना कागदावर दाखवू शकशील. फिरणाऱ्या फील्डची ही कल्पना १८८० च्या दशकात इटलीत फेरारिस आणि अमेरिकेत टेस्ला यांनी वेगवेगळी मांडली, दोघांचंही काम १८८८ मध्ये जगापुढे आलं, आणि पुढच्याच वर्षी डोलिव्हो-डोब्रोव्होल्स्कीने थ्री फेजची पिंजऱ्यासारख्या रोटरची मोटार बनवली. तुमच्या दुकानात येते ती हीच.

दुसरी गोष्ट, ते १४४०. रोटरला बाहेरून करंट कोणी देत नाही, फील्ड त्याच्या बारना (पिंजऱ्याच्या धातूच्या दांड्यांना) कापत जातं म्हणून त्यात करंट तयार होतो, फॅरेडेचा १८३१ चा नियम. आता रोटर जर फील्डच्याच वेगाने पळायला लागला तर त्याच्या दृष्टीने फील्ड थांबलेलंच, मग करंट नाही, करंट नाही म्हणून जोर नाही, म्हणून तो मागे पडतो. मागे पडला की परत करंट. भार असेल तेवढा तो मागे राहतो, पूर्ण भाराला इथे ६० आरपीएम, म्हणजे ४ टक्के, याला स्लिप म्हणतात. आणि रोटरमधल्या करंटची फ्रिक्वेन्सी ५० च्या ४ टक्के, फक्त २ हर्ट्झ! दुकानात टॅकोमीटर असेल तर मोटार बिनभाराची चालवून बघ, काटा १५०० च्या अगदी जवळ जातो.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात आवडते. सिलिंग फॅनचा कंडेन्सर गेला की फॅन नुसता हुंऽऽ करतो, फिरत नाही, पण पात्याला काठीने ढकललं की फिरायला लागतो, आणि ज्या बाजूला ढकलाल त्या बाजूला. हे तू शंभरदा पाहिलं असशील. असं का? कारण ऑयलरचा फॉर्म्युला. एकटा कोसाइन म्हणजे दोन फिरणाऱ्या गोष्टींची बेरीज असते, एक उजवीकडे फिरणारी, एक डावीकडे, दोन्ही अर्ध्या-अर्ध्या. एकाच कॉइलचं फील्ड म्हणजे एकाच वेळी दोन उलट दिशांनी फिरणारी फील्ड, दोघांची ओढ सारखी, रोटर बिचारा मधे अडकलेला. धक्का दिलास की एकीची बाजू जड होते. कंडेन्सरचं काम तो धक्का देण्याचं, दुसऱ्या कॉइलचा करंट पुढे सरकवून. ई चा आय थीटा घात, ऑयलरचा तोच फॉर्म्युला, तू परीक्षेत लिहिलास, तो तुमच्या हॉलच्या छताला लटकतोय.

आता पुस्तक. फाइनमन लेक्चर्स, म्हणजे फाइनमन या भौतिकशास्त्रज्ञाची फिजिक्सची व्याख्यानं, कॅलटेकच्या वेबसाइटवर फुकट वाचता येतात, त्यातलं फक्त एवढं वाच : पहिल्या खंडातलं २२ वं प्रकरण, 'अल्जेब्रा', आणि दुसऱ्या खंडातली १६ आणि १७, इंडक्शनवरची. २२ व्या प्रकरणात साध्या बेरीज-गुणाकारापासून सुरू करून ऑयलरच्या फॉर्म्युल्यापर्यंत नेलंय, मधे १० चं वर्गमूळ, त्याचं वर्गमूळ, परत त्याचं, असं काढत लॉगॅरिदमचं टेबल बनवलंय. ते टेबल नुसतं बघू नकोस, कॅल्क्युलेटर घेऊन बनव. ३.१६२३, १.७७८३, असं खाली खाली जात राहा आणि शेवटी काय होतं ते स्वतः बघ. लिनियर अल्जेब्रा हवीच असेल तर तीन फेजांचे तीन आकडे आणि फिरणाऱ्या वेक्टरचे दोन कंपोनंट यांच्यामधला मॅट्रिक्स लिही, तिथून सुरुवात होते. क्वांटमला टीवायमध्ये हात घालशील तेव्हा हेच कॉम्प्लेक्स एक्स्पोनेन्शियल आणि हेच मॅट्रिक्स समोर येतील आणि तेव्हा ते ओळखीचे असतील.

गणितं सोडवली नाहीत तर चालेल का, याचं उत्तर नाही. पण पन्नास सोडव असंही म्हणत नाही. जयंत नारळीकरांनी लहानपणीची आठवण लिहिलीये, बनारसच्या घरी वडिलांनी भिंतीवर फळे लावून घेतले होते आणि त्यांचे मोरूमामा तिथे एक कोडं लिहून ठेवायचे, ते सुटेपर्यंत किंवा हार मानेपर्यंत पुसलं जायचं नाही. तसं कर. दुकानात एक छोटी पाटी लटकव, एका वेळी एकच गणित. गिऱ्हाईक नसेल तेव्हा नजर जात राहील. मला वाटतं तुझा अडकून दुसरं पुस्तक उघडायचा जो प्रॉब्लेम आहे तो तिथेच सुटेल, कारण पाटीवरचं गणित स्वाइप करता येत नाही.

प्रश्न : मॅडम, मी एफवायला मॅथ्सला होते, चांगल्या मार्कांनी पास झाले, पण खरं सांगू का, एप्सिलॉन-डेल्टा, म्हणजे लिमिटची व्याख्या, मला कळलेली नाही. पाठ करून लिहिलं. दहावीपर्यंत मराठी मीडियम, त्यामुळे इंग्रजी पुस्तक वाचताना वाक्य कळतं पण अर्थ नाही. मैत्रिणी म्हणतात झालं ना पास, आता कशाला. मला लाज वाटते. (एक विद्यार्थिनी, गडहिंग्लज)

उत्तर : बाळा, लाज कसली. पास झाल्यावर परत मागे जाऊन समजून घ्यावंसं वाटतंय ना, मग तुला मॅथ्स आवडतं. आणि हेही ऐक, न्यूटन आणि लायब्निट्स यांनी कॅल्क्युलस १७ व्या शतकाच्या शेवटी उभं केलं, आणि लिमिटची नीट व्याख्या बोल्झानो, कोशी, वायरस्ट्रास यांच्या हातून १९ व्या शतकात झाली. दीडशेएक वर्षं जगातल्या भल्याभल्यांनी ही व्याख्या नसताना काम चालवलं. मग एका सेमिस्टरमध्ये ती तुझ्या गळी उतरली नाही तर त्यात नवल नाही.

आता मराठीत बोलू. दोघी खेळतायत असं समज. एक्स ३ च्या जवळ गेला की एक्सचा वर्ग ९ च्या जवळ जातो, असा तुझा दावा. मी तुझ्यावर विश्वास ठेवत नाही. मी म्हणते, मला ९ पासून ०.७ पेक्षा कमी अंतर हवं, देतेस? हा माझा एप्सिलॉन. तू विचार करून सांगतेस, एक्सला ३ पासून ०.१ च्या आत ठेव, काम होईल. हा तुझा डेल्टा. मी तपासते : ३.१ चा वर्ग ९.६१, फरक ०.६१, चालेल. २.९ चा ८.४१, फरक ०.५९, चालेल. मग मी चिडून ०.०७ मागते, तू ०.०१ देतेस. मी मागत राहणार, तू देत राहणार. तू जिंकलीस हे कधी ठरेल? माझ्या कुठल्याही मागणीवर चालेल अशी रीतच तू सांगितलीस की. इथे रीत अशी, एक्सचा वर्ग वजा ९ म्हणजे (एक्स वजा ३) गुणिले (एक्स अधिक ३). एक्स जर ३ पासून १ च्या आत असेल तर एक्स अधिक ३ हे ७ पेक्षा कमीच. म्हणून डेल्टा म्हणजे एप्सिलॉन भागिले ७ आणि १, यातला लहान तो. संपलं. 'फॉर एव्हरी' म्हणजे मी काहीही मागेन, 'देअर एक्झिस्ट्स' म्हणजे तू देशील. मागणारी आधी बोलते, देणारी नंतर, हा क्रम उलटा केला की अर्थच बदलतो, आणि पाठ करणाऱ्यांचा घोळ मला कायम तिथेच सापडलाय.

सुट्टीत रोज एक व्याख्या घे आणि ती मराठीत, घरात बोलतेस त्या गडहिंग्लजच्या भाषेत, मोठ्याने सांग, आईला सांग, भिंतीला सांग. मग इंग्रजीत लिही. दोन महिने हेच केलंस तरी पुढे रिअल ॲनालिसिसला तुला कोणी अडवणार नाही. आणि एमटीटीएस नावाचं मॅथ्सच्या विद्यार्थ्यांसाठीचं उन्हाळी शिबिर १९९३ पासून चालतं, चार आठवडे, तिथे शिकवणारे सारखं 'का' विचारतात, उत्तर सांगत नाहीत. पुढच्या वर्षीसाठी अर्ज कर, वेळेत चौकशी करून ठेव.

प्रश्न : मी सुट्टीत एनपीटीईएलचे (आयआयटीच्या प्राध्यापकांच्या ऑनलाइन कोर्सचे) व्हिडिओ बघतोय. बघताना सगळं कळतं, दोन दिवसांनी काहीच आठवत नाही. पुस्तक घेऊ का? (कुडाळ)

उत्तर : पुस्तक घेतलंस तरी तसंच वाचशील तर तेच होईल. व्हिडिओ चांगले आहेत, सोडू नकोस, फक्त सरांनी फळ्यावर प्रश्न लिहिला की पॉज कर आणि पंधरा मिनिटं स्वतः झगड, मग पुढे जा. आणि दुसऱ्या दिवशी व्हिडिओ न लावता कोऱ्या कागदावर कालचं जेवढं येतं तेवढं लिही. जिथे पेन अडेल त्या जागेला लाल गोल कर, आणि व्हिडिओतला तेवढाच तुकडा परत बघ. सुरुवातीचे चार-पाच दिवस कागद जवळजवळ कोरा राहील, ते होऊ दे. साधं काहीतरी हवं असेल तर कापरेकरांचं घे, देवळालीच्या शाळेत शिकवणारे दत्तात्रेय कापरेकर : चार अंकी संख्या घे, सगळे अंक सारखे नकोत, अंक उतरत्या क्रमाने लावून त्यातून चढता क्रम वजा कर, आलेल्या उत्तराचं परत तेच (उत्तर तीन अंकी आलं तर पुढे शून्य धर). ३५२४ घेतलीस तर ३०८७, मग ८३५२, मग ६१७४, आणि पुढे ६१७४ च येत राहतं. कुठलीही घे, जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत तिथेच पोचतोस की नाही ते आज रात्री कागदावर कर, आणि मग तीन अंकी संख्यांचं काय होतं ते मला पत्रात कळव.