ओहायो स्टेटमध्ये राखीव राहिलेला जो बरो एलएसयूत जाऊन इतका यशस्वी कसा झाला?

ओहायो स्टेट या अमेरिकी विद्यापीठात तीन वर्षे राखीव राहिलेला अमेरिकी फुटबॉलपटू जो बरो (Joe Burrow) पुढे दोनच मोसमांत कॉलेज फुटबॉलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, हे कष्टाचे फळ की नशिबाचे, असा प्रश्न अनेकांना पडतो. माझ्या मते या दोहोंपेक्षा मोठा वाटा त्याला मिळालेल्या खेळपद्धतीचा आहे.

बरो क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू हाती घेऊन पास फेकणारा खेळाडू; तो मैदानात एका वेळी एकच असतो, त्यामुळे पहिली पसंती दुसऱ्याला मिळाली की बाकीच्यांना वाट पाहण्यावाचून गत्यंतर नसते. २०१७ चा मोसम सुरू होण्यापूर्वी बरोचा हात मोडला आणि त्याच्या मागचा ड्वेन हॅस्किन्स पुढे सरकला. २०१८ मध्ये बरो पदवी घेऊन लुइझियाना स्टेट विद्यापीठात, म्हणजे एलएसयूमध्ये गेला. विद्यापीठ बदलणाऱ्या खेळाडूला तेव्हा सहसा एक वर्ष बाहेर बसावे लागे, पदवीधरांना मात्र त्यातून सूट होती. ही सूट नसती तर कदाचित आपण आज त्याच्याविषयी बोलतही नसतो.

तरीही तिथला पहिला मोसम बेताचाच होता: १६ टचडाउन पास (गुण मिळवून देणारे पास) आणि अचूकता, म्हणजे झेलल्या गेलेल्या पासांचे प्रमाण, ५८ टक्क्यांच्या आसपास. खरा बदल घडला तो २०१९ मध्ये, व्यावसायिक संघातून जो ब्रॅडी हा तरुण प्रशिक्षक आल्यावर. एलएसयू आता अनेकदा पास झेलण्याची मुभा असलेल्या पाचही खेळाडूंना त्यासाठी धाडू लागले. त्यामुळे बचाव विखुरला जाई, कोण मोकळा सुटणार हे बरो चेंडू हाती येण्यापूर्वीच हेरत असे, आणि रिसीव्हर (पास झेलणारा खेळाडू) मान वळवण्याच्या आतच चेंडू त्याच्याकडे निघालेला असे. त्या मोसमात त्याने ६० टचडाउन पास दिले, अचूकता ७६.३ टक्क्यांवर गेली, सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचे हाइझमन पारितोषिक मिळाले आणि अंतिम सामन्यात सलग २९ सामने जिंकून आलेल्या क्लेमसनला एलएसयूने ४२-२५ असे हरवले.

जस्टिन जेफरसन आणि जमार चेस यांच्यासारखे रिसीव्हर लाभल्यावर कोणीही चमकला असता, असा आक्षेप हमखास घेतला जातो. तो मला पुरता पटत नाही, कारण ते दोघेही २०१८ मध्ये त्याच संघात होते. अर्थात तेव्हा ते एका वर्षाने लहान होते आणि चेस तर नवखाच होता, हेही मान्य करायला हवे.