युरोपची 'परिषद' नव्हे, संसद

एका वाचकाचा प्रश्न आहे: स्ट्रासबर्गला भरणारं, थेट लोकांनी निवडून दिलेलं युरोपीय संघाचं सभागृह मराठीत 'युरोपीय परिषद' की 'युरोपीय संसद'? बातम्यांत दोन्ही दिसतं.

संसद. 'परिषद' सपशेल चूक आहे, आणि ती रोज कानावर आदळते. तिथे परिषदा आधीच तीन आहेत. सदस्य देशांच्या प्रमुखांची एक, मंत्र्यांची दुसरी. तिसरी, 'कौन्सिल ऑफ युरोप', ही तर युरोपीय संघाची नव्हेच. ती ४६ देशांची निराळी संस्था, आणि तीही स्ट्रासबर्गलाच. या गर्दीत चौथी कशाला घुसवायची?

संसद आणि परिषद दोन्ही 'सद्' म्हणजे बसणे या धातूचे, हे सांगायला नको. खरी गंमत 'पार्लमेंट'मध्ये आहे. फ्रेंच 'पार्ले' म्हणजे बोलणे, इथवर सगळे येतात आणि थांबतात. जरा पुढे चला. 'पार्ले' आलं उत्तरकालीन लॅटिनमधल्या 'पाराबोलारे'वरून, आणि ते ग्रीक 'पाराबोले'वरून. 'पारा' म्हणजे शेजारी, 'बालेइन' म्हणजे फेकणे. एका गोष्टीशेजारी दुसरी टाकायची, म्हणजे तुलना. तुलनेवरून दृष्टान्त, आणि दृष्टान्तावरून नुसतं बोलणं! भूमितीतला पॅराबोला हा पार्लमेंटचा सख्खा नातेवाईक. त्याला मराठीत काय म्हणतात? अन्वस्त. अनु + अस्त, आणि हा अस्त मावळतीचा नव्हे. 'अस्' म्हणजे फेकणे. अस्त्र त्यातलं, न्यास त्यातला. हा प्रतिशब्द घडवणाऱ्याने ग्रीक शब्द उसवून, त्याचे टाके मोजून मगच संस्कृतात शिवला, असं माझं ठाम मत आहे. हायपरबोलासाठी 'अपास्त' आहे, तिथेही 'अस्त' हजर! याला योगायोग म्हणणाऱ्यांशी मी वाद घालायला तयार आहे.

'संसद' म्हणायला आक्षेप आहे तो कायदेपंडितांचा. संविधानाच्या कलम ७९ प्रमाणे संसद म्हणजे राष्ट्रपती आणि दोन्ही सभागृहं. युरोपात सभागृह एकच, त्यालाही स्वतःहून विधेयक मांडता येत नाही, म्हणून ती संसद नव्हे. हा युक्तिवाद टिकत नाही. आपलं कलम आपल्या संसदेची घडण सांगतं, जगातल्या सगळ्या संसदांची नव्हे. शिवाय इतिहास पाहा. १९५२ मध्ये ही होती युरोपीय संघाच्या पूर्वज कोळसा-पोलाद समुदायाची 'सामाईक सभा', देशोदेशींच्या संसदांनी धाडलेले ७८ सदस्य. १९६२ मध्ये तिने स्वतःच ठराव करून सर्व अधिकृत भाषांत 'पार्लमेंट' हे नाव घेतलं. सदस्य देशांनी ते करारात लिहिलं थेट १९८६ मध्ये! नाव आधी, अधिकार मागाहून.

अधिकार कसे आले, तेही बघण्यासारखं आहे. १९७९ च्या जूनमध्ये पहिली थेट निवडणूक झाली. त्याच महिन्यात मंत्र्यांच्या परिषदेने आयसोग्लुकोज या मक्यापासून होणाऱ्या गोड द्रवाचा नियम, संसदेच्या अभिप्रायासाठी न थांबता, मंजूर करून टाकला. लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाने १९८० मध्ये तो रद्द केला, कारण सल्ला विचारणं म्हणजे पत्र धाडून मोकळं होणं नव्हे. तेव्हा संसदेपाशी नुसता सल्ला देण्याचा हक्क होता, पण तो डावलता येत नाही हे ठरलं. युरोपीय संघ स्थापन करणाऱ्या मास्ट्रिख्ट कराराने १९९३ पासून काही विषयांत तिला परिषदेच्या बरोबरीने कायदा करण्याचा हक्क मिळाला, आणि २००९ मध्ये लागू झालेल्या लिस्बन करारानंतर बहुतेक कायद्यांना तीच रीत लागू झाली. अशा सभागृहाला संसद नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

सदस्यांना 'युरोपीय खासदार' म्हणा, खुशाल.