मुलाला घाबरवायला सांगू नका

(साताऱ्याच्या एका वडिलांचं पत्र: मुलगा एकोणीस वर्षांचा, बारावी सायन्स, ‘नीट’ दोनदा दिली, दोन्हीदा गुण कमी. तिसऱ्या प्रयत्नासाठी लातूरच्या क्लासची फी भरून झाली आहे. मुलगा जिल्हा पातळीवर पोहतो. कोलाडची सहल झाल्यापासून राफ्टिंग गाइड, म्हणजे खळाळत्या नदीतून हवा भरलेल्या होडीने (राफ्टने) पाहुण्यांना नेणारा, व्हायचं म्हणतो. वडील लिहितात, “त्याला जरा घाबरवा. या कामात माणसं बुडतात हे तुमच्याकडून ऐकलं तर अभ्यासाला लागेल.”)

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मला काळजी वाटली ती तुमच्या या मागणीची. मुलाचे गुण किंवा त्याचा हट्ट यांची तितकी नाही. घाबरून लातूरला गेलेला मुलगा तिथे वर्षभर काय करणार? दोनदा हात पोळलेल्या पोराला तुम्ही तिसऱ्यांदा त्याच तव्यापुढे बसवताय, आणि त्याच्या दुसऱ्या वाटेवर माझ्या हातून काटे पसरायला सांगताय. हे मी करणार नाही. नीट, सीईटी, बीएस्सी हे रस्ते तुम्हाला माझ्याइतकेच माहीत आहेत. भरलेली फी गेली असं समजा. फी वसूल व्हावी म्हणून मुलाचं वर्ष घालवू नका.

धोका आहेच, पण तो तुम्हाला वाटतो तिथे नाही. “पोहणं चांगलं आहे, म्हणून याला वाटतं की जमेल,” असं तुम्ही लिहिता. मुलाचाही हाच समज असेल तर तो आधी दूर करायला हवा. तलावातलं पोहणं खळाळत्या पाण्यात फारसं कामाला येत नाही. फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असते, त्यामुळे अंग नेहमीसारखं तरंगत नाही. तोंड खाली घालून क्रॉल मारणाऱ्याचं डोकं सगळ्यात आधी दगडावर जातं. तिथे पाठीवर पडायचं, पाय प्रवाहाच्या दिशेला आणि पृष्ठभागावर ठेवायचे, श्वास दोन लाटांमधल्या खोलगट जागी घ्यायचा आणि लाटेच्या माथ्यावर रोखून धरायचा. काठाजवळ संथ पाणी दिसलं की मग पालथं होऊन, तिरकं, जीव तोडून पोहायचं. सगळ्यात घातक चूक चांगले पोहणारेही करतात. पाणी मांडीएवढं दिसलं की ते उभे राहतात. पाऊल दगडांच्या फटीत अडकतं, मागून प्रवाह ढकलतो, माणूस पुढे वाकतो आणि तोंड पाण्याखाली जातं. मांडीएवढ्या पाण्यात माणूस दगावतो तो असा. तेव्हा पोहता येणं ही या कामाची पहिली पायरी आहे, तीसुद्धा नव्याने शिकावी लागते.

मग गाइड दिवसभर करतो काय? कोलाडचंच घ्या. तिथल्या कुंडलिका नदीला राफ्टिंगपुरतं पाणी येतं ते मुळशी धरणाचं, भिऱ्याच्या वीजघरातून सुटलेलं, सकाळच्या ठरावीक वेळेत. उशीर केला की पाणी निघून जातं, म्हणून सगळी सकाळ घड्याळावर चालते. साठ-सत्तर किलोची राफ्ट उतरवा, हवा भरा, प्रत्येक झडप तपासा. सकाळच्या गारव्यात टम्म भरलेली राफ्ट उन्हात काठावर राहिली तर आतली हवा फुगून शिवण उसवते. तीच थंड पाण्यात गेली की सैल पडते. हवा कधी सोडायची, कधी भरायची, हे हातानं दाबून कळावं लागतं.

मग माणसं. प्रत्येकाच्या लाइफ जॅकेटचे खांद्याचे पट्टे धरून वर ओढायचे. जॅकेट कानापर्यंत आलं तर ते सैल आहे. एक हात वल्ह्याच्या टी-मुठीवर (वरच्या टोकाच्या आडव्या मुठीवर) कायम हवा, हे दहादा सांगायचं, कारण सुटलेली मूठ शेजाऱ्याचे दात पाडते. राफ्टला जोर आठ पाहुण्यांच्या वल्ह्यांचा, गाइड मागे बसून फक्त कोन धरतो. तोही खळाळाच्या आधी, संथ पाण्यात. आत शिरल्यावर दुरुस्तीला वेळ नसतो. “फॉरवर्ड” म्हटल्यावर आठही वल्ही हलली पाहिजेत. फोटोसाठी वळलेल्या, घाबरलेल्या, एकमेकांना ओळखत नसलेल्या आठ जणांकडून हे करून घ्यायचं असतं. आणि दारू पिऊन आलेल्या गटाला, पैसे भरलेले असले तरी, “उतरा” म्हणायचं असतं.

दुपारी पाहुणे जेवायला जातात. गाइड राफ्ट धुतो, वाळवतो. थ्रो बॅगेतला, म्हणजे पाण्यात पडलेल्याकडे फेकायच्या पिशवीतला, दोर बाहेर काढून सुकवतो आणि गुंडाळी न करता हातानं कोंबून भरतो, कारण गुंडाळलेला दोर फेकताना गुंततो. ठिगळ लावायचं तर दोन्ही बाजू घासायच्या, पुसायच्या, डिंकाचे पातळ थर देऊन ते चिकट होईपर्यंत थांबायचं. घाईचं ठिगळ दुसऱ्या दिवशी भर धारेत सुटतं. वर्षांमागून वर्षं हेच करून खांदे आणि कंबर झिजतात. कमाई हंगामी. जुलै-ऑगस्टमध्ये ऋषिकेशला गंगेवरचं राफ्टिंग बंद असतं, तेव्हा तिथले अनेक गाइड लडाखला झंस्कार नदीवर जातात. घरापासून लांब राहणं धरूनच चालावं.

आता तुमच्या पत्रातलं एक वाक्य. तुम्ही ते तक्रार म्हणून लिहिलंय: “सगळे जेवायला गेले तरी हा तिथेच राफ्ट धुवायला थांबला. पैसे देऊन नेलेलं पोर मजुरासारखं राबलं.” साहेब, अख्ख्या पत्रात मला सर्वांत मोलाचं वाटलं ते हे वाक्य. लाटेची मजा सगळ्यांनाच आवडते. धुण्याला थांबणारे थोडे.

म्हणून असं करा. त्याला एक हंगाम कोलाडला मदतनीस म्हणून राहू द्या, राफ्ट उचलायला आणि धुवायला. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात पदवीला नाव घाला. पुढे गाइड मंडळी हॉटेल, पर्यटन किंवा स्वतःच्या कॅम्पकडे वळतात तेव्हा पदवी लागते. हंगामानंतरही मन तिथेच असेल तर प्रथमोपचार, सीपीआर आणि वाहत्या पाण्यातल्या बचावाचं रीतसर प्रशिक्षण. जीवरक्षकाचे अभ्यासक्रम गोव्याच्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत आहेत. उत्तराखंडात काम करायचं तर पर्यटन विभागाचा परवाना लागतो. नोकरी देणाऱ्याला त्याने पहिला प्रश्न पगाराचा विचारू नये. प्रत्येक फेरीला सोबत बचावाचा कयाक (छोटी, चपळ होडी) असतो का, हे विचारावं. उत्तर टाळलं तर तिथून परत यावं.

तो रुजू झाल्यावर महिनाभराने, त्याला सांगूनच, एखाद्या रविवारी तिथे जा. राफ्ट पाण्याबाहेर निघतात त्या काठावर तासभर थांबा आणि पाहुणे गेल्यावर तो काय करतो ते बघा. मला तेवढंच कळवा. पुढचं त्यावरून ठरवू.