‘किती गोल मारले?’

“मॅडम, पस्तिशीला खेळ संपतो. मग हा काय करणार? वडापावची गाडी टाकणार?”

नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न वेगवेगळ्या आवाजांत येत असतो. क्रिकेटवाल्या पोरांचे आईवडील जरा उशिरा विचारतात, फुटबॉलवाल्यांचे पहिल्याच भेटीत. हे बाबा सातपूरच्या एका कारखान्यात लाइन सुपरवायझर. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) मुलगा नववीत, गणितात काठावर. घरात फारसं बोलत नाही. मॅचहून आला की मोरीचं दार लावून अर्धा अर्धा तास बूट धुतो.

बाबांची काळजी खोटी नव्हती. पोटापाण्याचा प्रश्न विचारणाऱ्या बापाला “मुलाच्या स्वप्नांना पंख द्या” वगैरे सांगणं मला कधी जमलं नाही.

मुलाला एकट्याला बोलावलं. आत आल्यावर तो लगेच बसला नाही. मान फिरवून खिडकी, दार, कपाट बघितलं, मग टेकला. मी मनात ‘अस्वस्थ’ अशी नोंद केली. ती चुकली होती.

“मैदानात तू नक्की काय करतोस?” असं विचारल्यावर त्याने माझ्या टेबलावरचा पेनस्टँड, चष्म्याचं घर आणि पाण्याचा ग्लास मांडला. “हा माझा डिफेंडर. हा समोरचा, मला दाबायला येतोय. बॉल माझ्याकडे यायच्या आधीच मी मागे बघून घेतो. म्हणजे आल्यावर बघत बसावं लागत नाही.” ग्लास पुढे सरकवला. “लगेच इकडे देता येतो.”

मग थोडा वेळ गप्प. “पप्पा एकच विचारतात, किती गोल मारले. मी शून्य सांगतो.”

हा मिडफिल्डर होता, म्हणजे मधल्या फळीत खेळून बॉल पुढे पोचवणारा. मला फुटबॉलमधलं काही कळत नाही, तेव्हा आवडता खेळाडू विचारला आणि त्या रात्री अभ्यासाला बसले. नाव होतं झाबी अलोन्सो.

पुढच्या भेटीत बाबांसमोर कागदावर दोन आकडे लिहिले: ११४ आणि १६. “स्पेनकडून इतके आंतरराष्ट्रीय सामने, आणि त्यात इतके गोल. कसा वाटतो खेळाडू?”

“साधारणच.”

“हा माणूस २०१०चा विश्वचषक जिंकलेल्या संघात होता. २००८ आणि २०१२ची युरो, म्हणजे युरोपातल्या देशांची स्पर्धा, जिंकलेल्या संघांतही.” त्या सोळांतले दोन गोल त्याने शंभराव्या सामन्यात, २०१२च्या युरोमध्ये फ्रान्सविरुद्ध मारले, हेही सांगितलं. मुलाने बजावून ठेवलं होतं.

“बरं, पण खेळ संपल्यावर?” बाबा मुद्द्यावरून हलणारे नव्हते. चांगलंच होतं.

अलोन्सो निवृत्त झाला २०१७ मध्ये, बरोबर पस्तिसाव्या वर्षी. वर्षभराने तो स्पेनमधल्या रेआल माद्रिद क्लबच्या चौदा वर्षांखालच्या मुलांचा कोच झाला. जग जिंकलेला माणूस आपल्या पोराएवढ्या पोरांना शिकवायला उभा! मग तीन वर्षं रेआल सोसिएदाद या स्पॅनिश क्लबच्या दुसऱ्या फळीच्या संघाचा कोच. २०२१ मध्ये तो संघ वरच्या श्रेणीत चढला आणि पुढच्याच वर्षी परत खाली घसरला. इथे मी मुद्दाम थांबले. एकदा पडला की संपला, हे बाबांच्या मनात पक्कं बसलेलं होतं. त्या घसरणीनंतर काही महिन्यांतच, ऑक्टोबर २०२२ मध्ये, जर्मनीतल्या लेव्हरकुसेन क्लबने अलोन्सोला कोच म्हणून बोलावलं. तेव्हा तो संघ गुणतक्त्यात तळातून दुसरा होता. २०२३-२४ मध्ये त्याच संघाने पहिल्यांदा बुंडेसलिगा, म्हणजे जर्मनीची सर्वांत वरची लीग, जिंकली, लीगमधला एकही सामना न हरता.

ही गोष्ट मी सगळ्या पालकांना सांगत नाही. अर्धी ऐकली तर घातक आहे. अलोन्सोचे वडील स्वतः स्पेनकडून खेळलेले. इथे घरी आहे शिफ्ट ड्युटी. आणि असा अलोन्सो लाखात एखादाच. हेही त्याच बैठकीत बोलले. पण कोचिंगची पायरी आपल्याकडेही आहे. भारतीय फुटबॉल महासंघाचे कोचिंगचे परवाने पायरीपायरीने मिळतात: डी, मग सी, बी, ए. अठराव्या वर्षी डीचा कोर्स करता येतो. आणि त्याआधी दहावीचं गणित सुटायला हवं, हे मुलालाही तितकंच स्पष्ट सांगितलं.

बाबांना गृहपाठ दिला: एक मॅच बघायला जायचं, ओरडायचं नाही, पोरगा मान वळवून मागे किती वेळा बघतो ते मोजायचं.

पंधरा दिवसांनी आले ते खिशातून कंपनीच्या गेटपासचा चुरगळलेला कागद काढतच. मागे पाच-पाचच्या जुड्यांनी रेघा ओढलेल्या, त्रेसष्ठपर्यंत. “पुढचं राहिलं,” म्हणाले. “याने एक पास दिला, गोल दुसऱ्याने मारला. सगळे त्या दुसऱ्याच्या अंगावर पडले. ह्याच्याकडे कोणाचं लक्ष पण नव्हतं. माझं होतं.” मग कागदाची घडी घालत, “मॅडम, लाइनवर मी पण तेच करतो ना. माल पुढे यायच्या आधी मागचं स्टेशन बघून ठेवायचं. नाहीतर सगळं तुंबतं.”

गणिताची शिकवणी मंगळवार-गुरुवारी ठरली, प्रॅक्टिस बाकीचे दिवस. गणित अजून काठावरच आहे. शनिवारी मॅच असली की बाबा शिफ्ट बदलून घेतात, हे मला मुलाकडून कळलं. बाबा स्वतः काही बोलले नाहीत.