रत्नागिरीत राहून हक्कांच्या केसेस लढवता येतात का?

मुलगी एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे, रत्नागिरीत राहून घटनात्मक, कामगार आणि समानतेच्या केसेसवर तिचं पोट भरेल का, असं तुम्ही विचारलंय.

भरेल, पण पहिली काही वर्षं चूल जमिनीच्या वाटपाच्या दाव्यांवरच पेटेल. आमच्याकडे घरात माणसं कमी नि सातबारावर नावं जास्त! रिटसाठी, म्हणजे हक्क डावलला म्हणून थेट हायकोर्टात करायच्या अर्जासाठी, आता मुंबई गाठावी लागत नाही. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई हायकोर्टाची सर्किट बेंच, म्हणजे शाखा, आहे, रत्नागिरी-सिंधुदुर्ग तिच्याकडे. अलिबाग-महाडवाल्यांना मात्र मुंबईच.

कामगारांच्या केसेसमध्ये खरी मारामारी पुराव्याची. कोळंबी सोलणाऱ्या बायकांची केस घेतली तेव्हा हजेरीपत्रकच नव्हतं. एकीने कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलीने रोजचे किलो लिहून ठेवले होते, त्यावर केस उभी राहिली.

आणि वेळ लागतो. महाडच्या चवदार तळ्यावर दलितांना पाणी घेऊ देऊ नये म्हणून सवर्णांनी केलेला दावा डिसेंबर १९२७चा, दलितांच्या बाजूचा हायकोर्टाचा निकाल १७ मार्च १९३७चा. तोही समानतेच्या मुद्द्यावर नव्हे, तर 'अनादी वहिवाट', म्हणजे तळं फक्त सवर्णांनी वापरायची पूर्वापार चाल, सिद्ध झाली नाही म्हणून. तेव्हा राज्यघटनाच नव्हती. म्हणून तिला म्हणावं, पुराव्याचा कायदा आणि दिवाणी प्रक्रिया संहिता आधी घट्ट कर, घटनेतलं समानतेचं कलम १४ मागाहून.