बागेची जागा शेती की बिनशेती?

प्रश्न : खानापूर तालुक्यात (बेळगाव जिल्हा, कर्नाटक) घरालगत बागेची जागा घ्यायची आहे. उताऱ्यावर ‘बागायत’ लिहिलंय. घर बांधता येईल का?

उत्तर : बिनशेती झाल्याशिवाय नाही. ‘बागायत’ हा जिरायतीसारखाच शेतजमिनीचा प्रकार आहे. घराच्या परसाशी त्याचा संबंध नाही. सर्व्हे नंबर आणि हिस्सा घालून ‘भूमी’ या कर्नाटकच्या जमीन-नोंदींच्या संकेतस्थळावर चालू आरटीसी (तिथला सातबारासारखा उतारा) काढा. तो कन्नडमध्ये येतो, जाणकाराकडून वाचून घ्या. बिनशेतीची नोंद नसेल तर विकणाऱ्याकडे जिल्हाधिकाऱ्यांचा कर्नाटक जमीन महसूल कायद्याच्या कलम ९५ खालचा बिनशेतीचा आदेश मागा आणि त्यातला हिस्सा व क्षेत्र ताडून बघा. बहुतेक जण इथेच फसतात : आदेश शेजारच्या हिश्श्याचा निघतो. पंचायतीची घरपट्टी पावती म्हणजे बिनशेती नव्हे. गावठाणातली जागा असेल तर आरटीसीऐवजी ‘ई-स्वत्तू’ या ग्रामपंचायतीच्या मिळकत-नोंदींच्या प्रणालीतला नमुना ९ बघा.